ब बाजूचे तिसरे गीत

१८ नोव्हेंबर १९८५, सोमवार

टपालाने एक कॅसेट आली. सोबत पत्र नाही! पुडक्यावर माझे नाव पूर्ण, खाली 'सेवानिवृत्त मुख्याध्यापक, पांढुर्णा'. अक्षर अनोळखी. पाठविणाऱ्याच्या जागी नागपूरच्या एका चर्चच्या गायकवृंदाचा शिक्का.

डबीत घडी केलेला कागद. त्यावर 'उपासनागीते व नवी गीते — समूहगायन'. अ बाजूस सहा गीते, ब बाजूस पाच. खाली गाणाऱ्या एकतीस जणांची यादी. ध्वनिमुद्रण कोणत्या तारखेस झाले, याचा उल्लेख कोठेही नाही. अशा कागदावर तारीख नसणे हा निष्काळजीपणा होय. अकराव्या क्रमांकावर — सौ. प्रतिभा सुधाकर पाटोळे.

माझी मुलगी.

सहा वर्षे आणि सहा महिने हे नाव या घरात उच्चारले गेलेले नाही.

सौ. उर्मिला आतून आली. "काय आलं?" "कॅसेट." "कोणाची?" तिने कागद माझ्या हातातून घेतला, चष्म्यावाचूनच डोळ्यांशी धरला आणि अकराव्या नावावर अंगठा ठेवून उभी राहिली. नंतर म्हणाली, "अहो, आता मशीन कुठून आणायची?"

आमच्याकडे रेडिओ आहे. कॅसेट वाजविण्याचे यंत्र नाही.

१९ नोव्हेंबर

सौ.ने कॅसेट देव्हाऱ्यात ठेवली. मी ती काढून कपाटात ठेवली — फितीत कुंकू जाईल. "फितीची काळजी करून राहिले!" असे ती म्हणाली. 'करीत आहात' म्हण, असे मी सांगितले. "तेच करून राहिले न तुम्ही चाळीस वर्षांपासून," ती म्हणाली आणि आत गेली.

कॅसेट का पाठविली असावी? आणि आताच का? दिवसभर दुसरे काही सुचले नाही. वर्तमानपत्र न वाचता घडी घालून ठेवले.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

एका जुन्या सहकाऱ्याच्या तेरवीसाठी सौंसरला गेलो होतो. परतताना बसस्थानकावर पुंडलिकराव भेटले — तहसील कचेरीत लिपिक होते, आता निवृत्त. संत्र्यांच्या पेट्यांनी स्थानक भरलेले. आम्ही एका पेटीवरच बसलो. ते म्हणाले, "गुरुजी, तुमची प्रतिभा दिसली होती मले. नागपूरले, दवाखान्यात. माह्या साडूले पाहाले गेलो होतो न मी. तिले स्ट्रेचरवर घेऊन चालले होते."

"केव्हा?"

"झाले दोन-अडीच महिने. मले वाटलं, तुमाले माहीत असन."

"काय झाले होते तिला?"

"आता ते मी कसं विचारू, बाप्पा! डोळे मिटून होती."

इतक्यात लोधीखेड्याची गाडी लागली आणि ते चढले. खिडकीतून हात हालविला. लग्नाला चालल्यासारखा!

पांढुर्णा येईपर्यंत हिशेब मांडीत राहिलो. अडीच महिन्यांपूर्वी डोळे मिटून. आणि आता पत्राशिवाय कॅसेट, परक्याच्या अक्षरात. माणूस गेल्यावर त्याच्या वस्तू आप्तांकडे पाठविण्याची रीत असते. यादीत नावामागे 'सौ.' आहे, 'कै.' नाही. परंतु यादी आधी छापलेली असू शकते.

२३ नोव्हेंबर

सौ.ला सांगितलेले नाही.

२५ नोव्हेंबर, सोमवार

आज तुळशीराम सोमकुंवर याच्याकडे गेलो. माझा विद्यार्थी. तिगावच्या रेल्वे स्थानकावर पॉइंट्समन आहे. घर आमच्याच गल्लीच्या टोकाला. त्याच्याकडे टू-इन-वन आहे — रेडिओही, कॅसेटही. त्याची पत्नी सुमन वस्तीतील चौदा स्त्रियांकडून सहा डिसेंबरच्या कार्यक्रमासाठी गीते बसवून घेते. दुपारी आवाज आमच्या पडवीपर्यंत येतो. दोन वर्षांपूर्वी त्याबद्दल मी नगरपालिकेत लेखी तक्रार केली होती. त्यामुळे पायरी चढताना पाय अडखळला. सौ. मागून म्हणाली, "चढा न!"

"या गुरुजी, या!" तुळशीराम लगबगीने उठला. सुमनबाई बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, "सत्तावीस वर्षं एकाच गल्लीत राहून राहिलो आपण. आज सापडलं का घर?"

"सुमन!" तुळशीराम म्हणाला.

"विचारलं फक्त."

मी आणि सौ. खुर्च्यांवर बसलो. तालमीच्या स्त्रिया भिंतीशी बसल्या होत्या. एकीनेही उठण्याचे नाव काढले नाही. भिंतीवर दोन तसबिरी, दोन्हींना ताजे हार. कॅसेट लावली.

आपल्याकडे समूहगान म्हणजे सर्वांनी एकच चाल एकाच सुरात म्हणणे. शाळेची प्रार्थना मी तशीच बसविली. येथे पुरुष खालून एक म्हणत होते, स्त्रिया वरून दुसरे, मध्ये आणखी कोणी तिसरेच — आणि तरीही भांडण नव्हते. एक स्त्री म्हणाली, "हे तं सगळे आपापलंच म्हणून राहिले!" सुमनबाईंनी तिला गप्प केले. "अन् जमून राहिलं. ऐक न."

शब्दोच्चार स्वच्छ. जोडाक्षरे पूर्ण उमटतात. एरवी समूहगानात 'श' आणि 'ष' यांचा चिखल होतो, येथे नाही. हे मान्य केले पाहिजे. परंतु मला प्रतिभा सापडली नाही. एकतीस जणांमध्ये एकही आवाज बाजूला निघत नाही.

सौ. दुसऱ्या गीतापासूनच रडू लागली. चहा आला. आम्ही घेतला. साखर अधिक होती.

परतताना मी विचारले, "तुला ओळखू आली?"

"मला तर सगळ्याच प्रतिभा वाटून राहिल्या," ती म्हणाली. मी दुरुस्ती केली नाही.

२७ नोव्हेंबर

पुन्हा गेलो. एकटाच — सौ.ला ऐकवत नाही. तालीम चालू होती, म्हणून थांबावे लागले. सुमनबाईंची पद्धत अशी: गीत म्हणवून घेताना यंत्रात भरायचे, लगेच सर्वांना ऐकवायचे आणि चूक जिची तिला तिथेच सुनवायचे.

"वत्सलाबाई, पुन्हा तुम्हीच!"

"माहा गळाच मोठा आहे, त्याले मी काय करू?"

"गळा मोठा असू द्या. तोंड लहान करा."

सगळ्या हसल्या. वत्सलाबाई सर्वांत मोठ्याने.

तालीम आटोपल्यावर मी सुमनबाईंना विचारले की, चौदांतून एकीचा आवाज वेगळा कसा ओळखावा. त्या म्हणाल्या, "जिचा वेगळा ऐकू येते, तिले मी मागच्या रांगेत उभी करते. चांगली म्हणणारी सापडत नाही, गुरुजी. चांगली म्हणणारी बाकीच्यांत जाते."

म्हणजे ती नीट गात असेल, तर मला ती मिळावयाचीच नाही! आणि हे सांगताना त्यांच्या तोंडावर हसू होते.

दोन्ही बाजू ऐकल्या. नाही.

यंत्राची रीत मात्र नीट पाहून ठेवली. सुमनबाई दोन कळा एकदम दाबतात, मग फीत फिरू लागते. पुढील वेळी कोणाला त्रास देण्याचे कारण पडू नये.

२८ नोव्हेंबर

पत्र लिहावयास बसलो. 'चि. प्रतिभा हिस' एवढे लिहून थांबलो. ती नसेल तर 'चि.' कोणास लिहितो आहे मी?

यापूर्वीचे पत्र मे १९७९ मधील. तिने आपल्या नोकरीच्या शाळेतील सहशिक्षकाशी चर्चमध्ये विवाह केला, त्याची वार्ता आली त्या दिवशीचे. अकरा ओळी. 'या दाराशी पुन्हा येऊ नये' हे शेवटचे वाक्य. पाठविण्यापूर्वी दोनदा वाचून पाहिले होते — एकही चूक नव्हती. त्या पत्राचा मला तेव्हा अभिमान वाटला होता.

कागद फाडला.

३० नोव्हेंबर, शनिवार

सापडली!

ब बाजू, तिसरे गीत. नव्या गीतांपैकी आहे. कामावर जाणाऱ्या माणसांनी सकाळी म्हणावे असे काहीसे. 'हात आमुचे, काम तुझे' ही ओळ तिसऱ्यांदा येते तेव्हा पुरुष थांबतात, आणि त्या क्षणभराच्या मोकळ्या जागेत उजवीकडून एक आवाज किंचित पुढे येतो. शब्दाच्या शेवटी नाकातून निघणारी बारीक ओढ. तीच! शाळेच्या प्रार्थनेत या ओढीबद्दल मी तिला सर्वांदेखत किती वेळा टोकले असेन.

नऊ वेळा ऐकले. तुळशीराम घरी होता. दर वेळी फीत मागे नेऊन देत होता, कंटाळला नाही. सुमनबाई तांदूळ निवडीत बसल्या होत्या. म्हणाल्या, "ही? हिले तं मी मागं उभी केली असती."

मी म्हणालो, "चाळीस वर्षे मुलांचे आवाज ऐकले आहेत मी. स्वतःच्या मुलीचा ओळखणार नाही?"

त्या तांदूळ निवडीत राहिल्या.

घरी येऊन सौ.ला सांगितले. तिने दोन्ही हात जोडले, कोणाला ते कळले नाही. "कशी आहे आवाजात?" तिने विचारले. काय उत्तर द्यावे! आवाजात बरी आहे. तो आवाज दवाखान्याच्या आधीचा की नंतरचा, हे त्या तारीख न घालणाऱ्या गृहस्थांनाच ठाऊक.

१ डिसेंबर, रविवार

आज तालीम दिवसभर. जाता आले नाही. ती ओळ मनात म्हणून पाहिली. चाल लागली नाही.

२ डिसेंबर, सोमवार



दुपारी गेलो. तुळशीराम कामावर होता. सुमनबाई मंडपाच्या बैठकीस निघाल्या होत्या. "तुम्ही ऐका बसून. मी आलेच," म्हणाल्या. तिसरे गीत सुरू होते त्या जागी त्यांनीच फीत आणून दिली आणि गेल्या. मी दोन कळा एकदम दाबल्या. फीत फिरू लागली. एक लाल दिवा लागला. आवाज नाही.

आवाजाचे बटण पूर्ण फिरविले. तरीही नाही. कान यंत्राला लावला. काही वेळ तसाच बसलो — किती, ते सांगता येत नाही. गीत दूर कोठे तरी चालू आहे आणि मलाच ऐकू येत नाही, अशी समजूत झाली.

सुमनबाई दारातूनच ओरडल्या, "गुरुजी! लाल कळ दाबली तुम्ही! ती भरायची आहे!"

दोन कळा एकदम दाबल्या, तर यंत्र वाजवीत नाही, भरते. त्या घरात मी ते यंत्र अधिकतर भरतानाच पाहिलेले! ऐकावयाचे असेल तर एकच कळ. आणि विकतच्या कॅसेटला मागे एक छोटी पट्टी मोडलेली असते म्हणे, म्हणून तिच्यावर दुसरे काही भरत नाही. या कॅसेटची मोडलेली नव्हती.

फीत मागे नेऊन त्यांनी एक कळ दाबली. तिसऱ्या गीताच्या जागी नुसती खरखर. मला पुढे ऐकवेना. मी उठलो.

तिचा आवाज मी माझ्या बोटांनी पुसला. ती नसेल, तर तेवढाच उरला होता.

चपला तेथेच विसरून आलो. दिवेलागणीस तुळशीराम आणून देऊन गेला.

३ डिसेंबर

तुळशीराम सकाळी आला. म्हणाला, "गुरुजी, इतकं कायले घेता मनावर? नागपूरवाल्यांकडे मूळ असन न. त्यांना धाडून देऊ, ते पुन्हा भरून देतीन."

हे मला सुचावयास हवे होते. सुचले नाही. मी म्हणालो, तूच पाठव, रजिस्टर्ड. सोबत 'चुकून पुसले गेले, कृपया पुन्हा भरून द्यावे' असे लिही. माझे नाव घाल. माझ्याने लिहवणार नाही. तो टपालाची वेळ साधून कामावर गेला.

सौ.ला सांगितले की, कॅसेट तुळशीरामकडेच आहे. असत्य! पंधरवड्यातील दुसरे.

६ डिसेंबर, शुक्रवार

मैदानावरील कार्यक्रमास गेलो. कडेला उभा राहिलो. पांढऱ्या साड्यांतील चौदा स्त्रिया. चांगले म्हटले. वत्सलाबाई समोर उभ्या होत्या, ओठ हालत होते. त्यांचा आवाज शोधून पाहिला, सापडला नाही.

तक्रारअर्ज लिहावयास नको होता.

८ डिसेंबर, रविवार

सुमनबाई स्वतः आमच्याकडे आल्या. ओट्यावरच उभ्या राहिल्या. मी 'बसा' म्हटले तरी बसल्या नाहीत.

"गुरुजी, रागावायचं तं रागवा. त्या कॅसेटमध्ये तुमचं बोलणं भरलं होतं."

"कसले बोलणे? मी काही बोललो नाही."

"बोलले तुम्ही. तुम्ही गेल्यावर मी पुढं ऐकलं. 'प्रतिभे, मोठ्याने म्हण. मला ऐकू येत नाही.' असं दोनदा. मंग म्हणे, 'दवाखान्यात कशाला गेली होतीस तू?' मंग लय वेळ काहीच नाही, नुसता तुमचा श्वास. अन् मंग — 'पुरे झालं आता. घरी ये, बाई.'"

मला यातील एक शब्दही आठवत नाही. 'पुरे झालं' असे मी बोलत नाही. मी 'झाले' म्हणतो.

"आणि ते तसेच पाठविले?"

"हे म्हणत होते, पुसून देऊ. मीच म्हटलं, राहू द्या."

"तुम्हाला कोणी अधिकार दिला?"

"कोणीच नाही दिला." त्या जराही मागे सरल्या नाहीत. "माहा बाप असता तं मी रस्त्यानं पळत आली असती, गुरुजी. म्हणून पाठवलं."

मी आणखी काही बोलणार होतो. तोच दारातून सौ.चा आवाज आला, "दवाखाना? कोणता दवाखाना?"

९ डिसेंबर

काल ती काहीच बोलली नाही. आज स्वयंपाकघरातून बोलली, माझ्याकडे पाठ करून.

"सोळा दिवस! सोळा दिवस तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही मला पोळ्या करू दिल्या. लोणच्याला मीठ कमी पडलं का म्हणून विचारलं मला!"

मी म्हणालो, खात्री नसलेली गोष्ट सांगून काय साधले असते.

"मी गेली असती. आजच जाते. त्या चर्चमध्ये जाऊन विचारते, माझी मुलगी कुठे आहे."

"उत्तर येऊ दे. आठ दिवस थांब."

"का?"

ती वळली. "तुम्हाला भीती वाटून राहिली," ती म्हणाली.

"होय."

माझ्याकडे तिने असे पाहिले की, जणू लग्नानंतर प्रथमच कोणी तरी निराळे माणूस घरात आले आहे. "आठच," ती म्हणाली. "नववा नाही."

११ डिसेंबर

पोस्टमन आला. विजेचे बिल.

१३ डिसेंबर

ती कॅसेट आता कोणी तरी ऐकली असेल. कोणी? एकतीस जण जमून ऐकत आहेत असे चित्र डोळ्यांपुढून जात नाही. 'मोठ्याने म्हण' — आणि सर्व हसतात. हसले तरी चालेल. हसणाऱ्यांत ती असावी.

१४ डिसेंबर

ताप. थंडी वाजून.

१७ डिसेंबर, मंगळवार

ताप उतरत नाही. रक्तदाबही वाढलेला. डॉक्टरांनी प्रवासास बंदी केली. आठवा दिवस आजचा. सौ.ने पिशवी भरून ठेवली होती. ती दाराशी तशीच आहे. माझ्या कपाळावर पट्टी ठेवताना म्हणाली, "मुद्दाम पडले तुम्ही आजारी." पट्टी मात्र फार हलक्या हाताने ठेवली.

माझ्यावाचून जा, असे मी म्हणालो. मनापासून म्हणालो की नाही, ते ठाऊक नाही. ती गेली नाही.

२१ डिसेंबर, शनिवार

पोस्टकार्ड! मजकूर जसाच्या तसा उतरवितो:

'कॅसेट पोहोचली. घरी सर्वांनी ऐकली. नाताळापर्यंत वृंदाच्या कामामुळे सवड नाही. पुढील नंतर कळवितो. — सुधाकर पाटोळे.'

घराचा पत्ता आहे. नमस्कार नाही, आशीर्वादाची अपेक्षा नाही. त्याबद्दल तक्रारही नाही. पण 'सर्वांनी' म्हणजे कोणी? दोनच माणसांच्या घरात 'सर्वांनी' लिहितात काय? मुले असतील का? मी आजोबा आहे का? की आता त्या घरात तो, त्याची आई आणि भाऊ, असे 'सर्व' आहेत? पुढील काय आहे, जे एका ओळीत कळविता येत नाही?

पुसलेल्या गीताबद्दल अवाक्षर नाही. माझ्या बोलण्याबद्दलही नाही.

सौ.ने कार्ड चार वेळा वाचले. "नसती तर त्यानं तसं लिहिलं नसतं का?" म्हणाली. मी एक महिना ज्या शब्दाच्या भोवती फिरतो आहे, त्याच्या जवळून ती अशी सरळ चालत गेली.

"दुःखाची वार्ता पोस्टकार्डावर लिहीत नाहीत," मी म्हणालो. म्हणावयास नको होते. तिचा चेहरा उतरला.

२३ डिसेंबर, सोमवार

ताप नाही. डॉक्टर म्हणाले, आठवडाभराने प्रवास करावा. पुढचा सोमवार ठरला — तीस तारीख, सकाळची पॅसेंजर, दोघेही.

मी कार्ड लिहिले. 'सोमवार, ता. ३० रोजी आम्ही दोघे येत आहोत.' खाली सही. मायना घातला नाही. कोणास घालावा ते ठरेना. दोनदा वाचून पाहण्याची सवय आहे. आज वाचले नाही. सौ.ने कडेच्या मोकळ्या जागेत बारीक अक्षरात काही लिहिले आणि मला न दाखविता पेटीत टाकून आली. विचारल्यावर म्हणाली, "यांना ताप होता, एवढंच लिहिलं."

२५ डिसेंबर, बुधवार

नाताळ. या क्षणी तो वृंद नागपुरात गात असेल. उजव्या बाजूला एक जागा रिकामी असेल, किंवा नसेल.

तुळशीराम संत्री घेऊन आला. बसला. मी विचारले, त्या घराचे दार कोण उघडील असे वाटते? त्याला प्रश्न कळला नाही. "कोणी बी उघडन गुरुजी, आत तं घेतीन न," म्हणाला.

सौ. उद्या तिळाचे लाडू करणार आहे. संक्रांत अजून तीन आठवडे दूर आहे, असे मी म्हणालो. ऐकले नाही.

२६ डिसेंबर

आज दाढी करताना ती ओळ गुणगुणलो. 'हात आमुचे, काम तुझे.' शेवटची ओढ नाकातून घेऊन पाहिली — तिच्यासारखी. मला साधली नाही.

सोमवारी तेथे काय बोलावयाचे, याचे तीन मसुदे केले. तिन्ही शुद्ध आहेत. तिन्ही फाडले.

२७ डिसेंबर, शुक्रवार

प्रतिभा आली आहे. सकाळच्या गाडीने, एकटी. सुधाकरराव रविवारी येतील. तिच्या पित्ताशयात खडे होते, शस्त्रक्रिया झाली, बरी आहे.

ध्वनिमुद्रण त्याच आठवड्यात झाले. त्यामुळे ती एकाही गीतात नाही. यादी आधीच छापलेली होती. मी ओळखला तो आवाज कोणा एस्तेरबाईंचा. त्यांना त्या दिवशी पडसे होते. कॅसेटही प्रतिभेने पाठविलेली नव्हती. वृंदाने यादीतील प्रत्येकाच्या माहेरी किंवा गावी एकेक धाडली, आमचा पत्ता तिच्या शाळेतील जुन्या कागदावरून घेतला. तिला ठाऊकही नव्हते.

"मग बाबा, तुम्ही एवढं बोलून राहिले होते कोणाशी?" तिने विचारले.

सौ. पदर तोंडाला लावून हसत होती. मी चूक मान्य केली.